दोन नाण्यांची ढील

सातारा,
२ एप्रिल १९७८

प्रिय आकाराम,

माझं अक्षर ओळखून तू पत्र न उघडताच चुलीत घालशील, म्हणून पाकिटावरचा पत्ता शेजारच्या मास्तरांकडून लिहून घेतला आहे. आता फसून उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. पलटणीतून पेन्शनीत निघालेल्या हवालदाराची ही विनंती समज, हुकूम नव्हे. हुकूम सोडायची माझी खोड तुला ठाऊक आहे आणि तिनंच सगळा घात केला आहे.

मी आता साताऱ्याला एका बँकेत पहारेकरी आहे. आई माझ्याजवळच असते. तिचे गुडघे गेलेत, जीभ मात्र शाबूत आहे. गेल्या महिन्यात वडूजला गेलो तेव्हा गोठ्यातली बीएसए मोटरसायकल पोत्यांखालून बाहेर काढली. लष्कराच्या लिलावात तूच मला ती घ्यायला लावली होतीस, आठवतं? इंग्रज गेला, पण जाताना एक शहाणी वस्तू ठेवून गेला, असं म्हणाला होतास. बाबा गेल्यापासून तिला मी हात लावला नव्हता. टेम्पोत घालून इथं आणली आणि पोवई नाक्याजवळच्या ज्योतिबा मिस्त्रीकडे दुरुस्तीला दिली.

त्यानं क्लच उघडला तेव्हा मी शेजारी स्टूल टाकून बसलो होतो. प्लेटांमधली पकड धरणारी बुचं जळून कोळसा झाली होती. मला वाटलं, बघ, आकारामचं काम बघ. पण ज्योतिबा स्प्रिंगांवरचे नट निरखत होता. सगळे नट एकाच खोलीवर, एका सुताचाही फरक नव्हता. ज्यानं हे बसवलं त्याचा हात फार साफ आहे, असं तो म्हणाला. ते ऐकून मी उलट मनातून चरफडलोच.

तुझ्या सांगलीच्या गॅरेजात तू तो क्लच बसवलास तो दिवस मला लख्ख आठवतो. सगळं झाल्यावर तू पाच पैशांची दोन नाणी एकावर एक धरून हँडलवरच्या क्लचच्या लिव्हरच्या मुळाशी फटीत सरकवलीस, आणि ती नाणी आत-बाहेर झाली तरच क्लच सुखी, असं मला बजावलंस. मी हसलो. लिव्हरला नवस बोलतोस की काय, अशी थट्टाही केली. बूट, पट्टा, तंबूची दोरी, सगळं ताणून आवळायची सवय लागलेला माणूस मी. सांगलीतल्या माझ्या बिऱ्हाडी आल्यावर ती लिव्हर बोटाखाली ढिली लागली ती मला सोसवेना. केबलचा नट दोन फेरे आवळला तेव्हा कुठं बरं वाटलं. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही, कारण ती सांगण्यासारखी आहे असं मला कधी वाटलंच नाही.

पुढच्या आठवड्यात तार आली. बाबा घाबरे झाले होते आणि माझं नाव घेत होते. एप्रिलच्या उन्हात मी विट्यावरून वडूजकडं गाडी पिटाळली. मायणीच्या अलीकडच्या चढावर इंजिन नुसतं ओरडायला लागलं, गाडी काही पुढं सरकेना, आणि जळक्या बुचाचा वास सुटला. तासभर रस्त्यात हात करत उभा होतो. शेवटी एका ट्रकनं घेतलं. घरी पोचलो तेव्हा चार वाजले होते. बाबा तीनला गेले. मी येईन म्हणून दाराकडं तोंड करून निजवायला लावलं होतं त्यांनी.

पुढचं तुला माहीत आहे. तेराव्याला सगळी भावकी पंगतीत बसलेली असताना मी तुझ्याकडं बोट दाखवून म्हणालो की ह्याच्या हातानं माझ्या बापाची भेट चुकवली, ह्याच्याकडं कुणी गाडी देऊ नका. तू हात जोडलेस आणि पानावरून उठलास. वर्षभरात तुझं गॅरेज बंद पडलं, तू सासुरवाडीला कवठे महांकाळला जाऊन विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करू लागलास. हे कानावर आलं तेव्हा मला बरं वाटलं होतं, आकाराम. लाज वाटते, पण खरं तेच लिहितो.

परवा नवीन प्लेटा बसल्या. ज्योतिबानं गाडी माझ्या हाती दिली, मी लिव्हर दाबली, ढिली लागली, आणि बोलता बोलता माझी बोटं आपोआप त्या नटावर गेली. त्यानं माझं मनगट धरलं.

“सायेब, ह्ये आवळू नका. ढील न्हाई ऱ्हायली तर प्लेटा पुऱ्या दाबतच न्हाईत. चढाला घसरत्यात आन् जळून जात्यात.”

आणि मग मला मायणी आठवली. बाबा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी बंद गाडी आणायला तू माझ्याबरोबर आला होतास. तू एका बोटानं लिव्हर दाबलीस, माझ्या मुंडलेल्या डोक्याकडं पाहिलंस, आणि गुपचूप नट दोन फेरे सैल केलास. मी ते पाहिलं होतं. पाहून विसरलो होतो.

घरी येऊन आईला सांगितलं. पदराचं टोक पिळत ती मग म्हणाली, तेराव्याच्या आदल्या दिवशीच तू तिला सगळं सांगितलं होतंस आणि वर शपथ घातली होतीस. तुझे शब्द तिनं जसेच्या तसे सांगितले: “काकी, त्याला कळू दिऊ नका. बाप गेल्याचं त्यो सोशील, आपल्याच हातानं उशीर झाला ह्ये त्याला सोसायचं न्हाई.” दुसऱ्या दिवशी पंगतीत मी तुझं नाव मातीत घातलं, तरी तू तिला त्या शपथेतून मोकळं केलं नाहीस.

तुझं म्हणणं खरं ठरलं, मला हे सोसत नाही. पण सात वर्षं तू सोसलंस ते आता पुरे. चैत्र वद्य पंचमीला बाबांचं श्राद्ध आहे. वडूजला तीच भावकी त्याच पडवीत बसेल. त्यांच्यापुढं उभा राहून मी सांगणार आहे की क्लच आकारामनं बरोबर बसवला होता आणि बिघडवला मी. तू आलास तर तुझ्यासमोर सांगेन, नाही आलास तरी सांगेन. मी क्षमा मागायला लिहीत नाही, ती मागायचं माझं तोंड नाही. पत्र एवढ्यासाठीच, की त्या दिवशी तू जेवता जेवता ज्यावरून उठलास ते पान मी मांडून ठेवणार आहे, आणि तू येईपर्यंत कुणाला वाढू देणार नाही.

तुझाच,
लालासाहेब