यंदा न मरण्याचा ठराव

ती. धनेशदादास,

मोखाड्याच्या डोंगरातून धाकट्या जयवंतीचा वाकून नमस्कार. योगितावहिनींची कंबर कशी आहे? (मी पाठवलेलं मोहाचं तेल लावतात, की नुसतंच ठेवून दिलंय?) ठाण्यात उकडत असेल. इकडे सगळे बरे आहेत. सासूबाई आठवडाभर माझ्याशी बोलत नाहीत, त्यामुळे मी तर जरा जास्तच बरी आहे.

त्याचं असं झालं. सरपंच झाले तेव्हा वाटलं होतं, वरून निधी येणार आणि आपण तो वाटणार, त्यात काय मोठं! पण यंदा वरच ओढाताण, आमच्या वाट्याला आला निम्मा. त्यात होणार एकच काम, आणि अडलेली दोन. एक, अंगणवाडीचं छप्पर. गेल्या पावसाळ्यात आमच्या अंगणवाडीच्या कमूताई एका हातात छत्री धरून दुसऱ्या हाताने खिचडी ढवळत होत्या आणि छत्तीस पोरं एका कोरड्या कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर बसलेली. दुसरं, स्मशानातली शेड. आणि ती मागणारे कोण, तर आमचेच चुलतसासरे, ढवळूकाका! म्हणजे शेड दिली तर गाव म्हणणार घरच्यासाठी केलं, नाही दिली तर घर म्हणणार गावासाठी केलं.

आता काका काही हट्टाला पेटलेले नव्हते. गेल्या श्रावणात त्यांची बायको, आमच्या चैतीकाकू, गेल्या तेव्हा चार माणसांनी चितेवर पत्रे धरले, तरी ती तीनदा विझली. काका दिवसभर पावसात उभे होते. एक मेच्या ग्रामसभेत उठले आणि म्हणाले, "मी पावसात मेलो तर माझंही तसंच करणार काय?"

"मग उन्हाळ्यात मरा ना, काका!" कमूताई बोलून गेल्या. सभा हसली. पण मग पत्रे धरणारे चौघं खाली बघायला लागले आणि कमूताईंनी जीभ चावली. मी ग्रामसेवक भाऊसाहेबांकडे पाहिलं, भाऊसाहेबांनी पंख्याकडे पाहिलं. (पंखा बंद होता.) दादा, दोघांचंही खरं होतं. एक जण जरी खोटं बोलत असता तरी किती सोपं झालं असतं!

शेवटी काकांनीच विचारलं, "पोरं किती?"

"छत्तीस," कमूताई हळूच म्हणाल्या.

काकांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "पोरं काय वाढायची थांबत नाहीत. मी थांबतो. यंदा मरत नाही, लिवून घ्या."

भाऊसाहेब नवीन आहेत, घाबरट आहेत. त्यांनी खरंच लिहून घेतलं: ठराव क्रमांक सहा, श्री. ढवळू यांनी चालू आर्थिक वर्षात न मरण्याचे मान्य केले, सर्वानुमते मंजूर. (अनुमोदन काळीमावशीचं. ती काकांपेक्षा मोठी आहे, पण तिला कोणी काही विचारलं नाही.) छप्पर मंजूर झालं. टाळ्या पडल्या. मी घरी येऊन चुलीपुढे बसले आणि धुराच्या नावाखाली रडून घेतलं.

पण सुख कसलं लागतंय! दुसऱ्याच दिवशी काका कैऱ्या काढायला आंब्यावर चढले. वय शहात्तर. खाली अर्धं गाव हात जोडून उभं, "काका, ठराव झालाय, उतरा!" काका वरून म्हणतात, पडलो तर उन्हाळ्यातच पडतोय ना! आता ते नुसते खोकले तरी माणसं माझ्या दारात येतात, जशी काही नळाची तक्रार.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पत्र सहज लिहिलं, काम काही नाही.

तुझी,
जयवंती

ता.क. काम नाही म्हटलं, पण एक आहे. पाऊस लागला की काका रात्री ओढ्यात खेकडे धरायला उतरतात, कोणाचं ऐकत नाहीत. दसऱ्यापर्यंत त्यांना तुझ्याकडे ठेवून घे. तिथे झाड नाही, ओढा नाही. आणि देव न करो, पण तिकडच्या स्मशानाला पक्कं छप्पर असतं म्हणे.

ता.क. दोन. पाकिटाला तिकीट नाही हे पाहिलंस ना? पत्र घेऊन दारात उभे आहेत ते ढवळूकाकाच. त्यांना आधी आत घे, चहा दे आणि मग पत्र वाच, हे खरं तर सगळ्यात वर लिहायला हवं होतं.