आईला बर्फ दाखवताना

डीमन, मंगळवार संध्याकाळ

आज पहिल्यांदा एकटी कालव्याच्या पुलापर्यंत चालत गेले. ऑपरेशनला अठरा दिवस झाले. आतड्यातली गाठ काढलीय, पण ती कसली हे शुक्रवारी कळेल. वाटेवरचा बर्फ दगडासारखा झाला होता. एक हात कठड्यावर, दुसरा पोटावर, टाक्यांवर.

बाकावर टेकले तेवढ्यात पुण्याहून आईचा व्हिडिओ कॉल. तिला मी ऑपरेशनचं सांगितलंच नव्हतं. बाबा अशाच गाठीने गेले आणि तिने एकटीने सगळं निभावलं. पुन्हा कोणत्या तोंडाने सांगायचं? मागचा कॅमेरा लावून मी गोठलेला कालवाच दाखवत राहिले.

"बर्फ पाहिला गं. आता तू दिस."

कॅमेरा फिरवला. हात टाक्यांवरच होता, तो तिला दिसला नसावा. तिने फोन डोळ्यांजवळ घेतला.

"कुठे कापलंय?"

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? तुझे बाबाही असेच श्वास राखून बोलायचे."

मग सगळं सांगून टाकलं. मी रडले, ती नाही. तिने आधीच ओळखलं असेल का? इतके दिवस?

"शुक्रवारी डॉक्टरांसमोर फोन चालू ठेव. मला ऐकायचंय."

"अगं, ते इंग्रजीत बोलतील."

"बाबांच्या वेळीही इंग्रजीतच बोलले होते," आई म्हणाली. "मला कळलं होतं."