चौथ्या तासापासूनची नोंद

सर,

तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली. मी आता लातूरला एका मेडिकलवर काम करतो. काल एक म्हातारी इन्सुलिन न्यायला आली. म्हणाली, "हे रोजचं टोचून घ्यायचं कधी थांबंल रं बाबा?" मी म्हटलं, "थांबंल मावशी, लोकं करून राहिलेत काहीतरी," आणि उगाच फ्रिजात डोकं घातलं. कारण ते काहीतरी करणारे तुम्ही होतात. नांदेडला कॉलेजच्या लॅबमध्ये समुद्री शेवाळाच्या चिकट रसात इन्सुलिन कालवून तुम्ही साबुदाण्याएवढे मणी पाडायचात. "रक्तात साखर वाढली की यानं थोडं थोडं सोडायचं, उतरली की गप बसायचं. माझ्यापेक्षा याला जास्त अक्कल पाहिजे," असं म्हणत स्वतःच्या पोटात इन्सुलिनची सुई टोचायचात आणि मग जेवणाचा डबा उघडायचात.

त्या रविवारी तुम्ही लॅबची किल्ली माझ्याकडे दिलीत. आठ तास, दर तासाला मण्यांच्या भांड्यातलं थोडं पाणी काढून किती इन्सुलिन बाहेर आलं ते वहीत लिहायचं, एवढंच काम. तीन तास लिहिलं. मग मित्राचा फोन आला, माझा जिच्यावर जीव होता तिला बघायला लातूरला पाहुणे येऊन राहिलेत. माझं डोकंच फिरलं. अंगातल्या ऍप्रनसकट लोहा गावावरून लातूरला जाणारी एसटी पकडली. गल्लीच्या तोंडाशी तिनंच झापलं, "येडा हायस का तू? प्रॅक्टिकल सोडून आलास? आन् काढ तो ऍप्रन, कंपाउंडर दिसून राहिलास!"

सोमवारी तुमच्या आधी लॅब उघडली, तर भांड्यात एक मणी शिल्लक नाही. सगळे विरघळून पाणी गढूळ. ते मी बेसिनमध्ये ओतलं आणि उरलेली पाच रीडिंगं पहिल्या तिन्हींच्या चालीनं अंदाजानं भरली. तुम्ही पाठीवर थाप मारलीत, "लई नेटका आलाय रे आलेख!" त्याच्याच भरवशावर मणी उंदरांना दिले. चौथ्या तासाला मणी विरघळून सगळं इन्सुलिन एकदम सुटलं, तीन उंदीर थरथरायला लागले, साखरेचं पाणी पाजेपर्यंत गेलेही. तुम्ही पिंजऱ्यापाशी उकिडवे बसलाय. "माझंच कुठंतरी चुकलं," म्हणताय. मग माझ्याकडे न बघता हळूच विचारताय, "त्या रविवारी तू इथंच होतास ना?" मी काय करावं? ओरडलो, "शक असंल तर ठेवा तुमचं कॉलेज तुमच्यापाशी!" आणि दार आपटून गेलो, तो परत आलोच नाही.

पुढं कळलं, तुम्ही सगळं पहिल्यापासून सुरू केलंत. स्टुलावर बसून स्वतः तासातासाला मोजायचात, चूक शोधायचात. वर्षभर. आणि ती सापडायच्या आधीच हार्ट अटॅकनं गेलात. माझ्या एका वाक्यानं तुमचं ते वर्ष वाचलं असतं, सर.

तुमचं घर मला माहीत आहे, तुमच्या पत्नी अजून तिथंच राहतात. तरी हे मी पाठवणार नाही. इथं सगळे म्हणतात, पोरीपायी शिक्षण सोडलं गड्यानं. मीही हसून "हाव" म्हणतो, त्यात जरा इज्जत राहते. तिची अजून आठवण येते, ते खोटं नाही. पण तिच्यासाठी मी फक्त एक रविवार सोडला होता. कॉलेज सोडलं ते तुमच्या त्या एका प्रश्नाला भिऊन.