ढुंढिराजाच्या नावाचा पिंड

इंदूर, २ सप्टेंबर १९७१

चि. ढुंढिराज यास शरदिनीताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आमचे शेजारी काशीनाथपंत काल काशीयात्रा करून आले. दशाश्वमेधावर तूच त्यांचे विधी सांगितलेस. त्यांनी तुझी पुष्कळ स्तुती केली, पण माझ्या कानांत राहिलं ते एवढंच, की पहाटेपासून तीनपर्यंत गुरुजींनी पाण्याचा घोट घेतला नाही आणि घसा पार बसलाय. अरे, किती वर्षं सांगू? दोन यजमानांमध्ये दहा मिनिटं टेक. पाणी पी. वेळेवर जेव. संध्याकाळी पोथी घरी ठेवून शिंदे घाटापर्यंत एक चक्कर मार. यात कठीण ते काय? चार दिवसांत पितृपक्ष लागेल, म्हणून जीव टांगणीला लागलाय आणि तुझा संतापही येतो.

तुझ्या बायकोला वेगळं लिहिलंय. सीता तांब्या घेऊन घाटावर येईल. तिच्यावर खेकसू नकोस.

तुझी ताई

काशी, १२ सप्टेंबर १९७१

ती. सौ. ताईस ढुंढूचा शि. सा. न. वि. वि.

तू लावलेली फूस पोहोचली. सीता रोज पायरीवर तांब्या धरून बसते आणि घाटावरचे सगळे मला हसतात. इंदुरात बसून सांगणं सोपं आहे गं. इथे नागपूरकर, सातारकर रांगेत उभे असतात. जजमान ओलेत्याने उभा असताना बाबा कधी बसले नाहीत, मग मी कसा बसू? पक्ष संपला की फुरसतच फुरसत. उगाच चिडू नकोस.

तुझा ढुंढू

काशी, २१ सप्टेंबर १९७१

ती. सौ. ताईस शि. सा. न. वि. वि.

लिहायला लाज वाटते, पण तुलाच सांगायला हवं. सर्वपित्री अमावास्येला नववा जजमान साताऱ्याचा होता. त्याच्या वडिलांचं गोत्र आणि नाव मी सांगायचं, त्याने माझ्यामागून म्हणून पिंड द्यायचा. मी माझं गोत्र सांगितलं आणि माझंच नाव. त्या बिचाऱ्याने भक्तिभावाने ते म्हटलं आणि पिंड ठेवला. सीतेच्या हातून तांब्या पडला, तेव्हा मला कळलं.

जजमानाची माफी मागून सगळा विधी पुन्हा केला. घरी आल्यावर सीतेने पान वाढलं, समोर बसली आणि एवढंच म्हणाली, की जिवंत आहात ना, मग जेवा.

तेव्हापासून दोन विधींमध्ये बसतो. काल एक जजमान घाई करू लागला, त्यालाही शेजारी बसवून पाणी दिलं. संध्याकाळी आम्ही दोघं शिंदे घाटापर्यंत जातो. पोथी सीता लपवून ठेवते.

ताई, राग आहेच, तो असाच राहू द्यावा, ही विनंती.

तुझा ढुंढू