लाल दोरी

गेलॉर्ड, मिशिगन
१ डिसेंबर

चि. आसावरीस अ. उ. आ.

तुझ्या आईने काल हुकूम काढला, की बर्फावर चालवायच्या त्या स्नोमोबिलचा विषय बापलेकीने फोनवर काढायचा नाही. दोघंही ओरडता आणि मला कुकरची शिटी ऐकू येत नाही, म्हणाली. म्हणून हे पत्र. कागदावर ओरडता येत नाही, एवढी सोय आहे.

दुरुस्तीच्या दुकानात एक पिवळी, लहान मुलांची स्नोमोबिल आली. तिच्या मालकाची पोरं मोठी झाली, तो म्हणाला, जगन्नाथ, तूच ठेव. मी कार्ब्युरेटर साफ केला, पट्टा बदलला. इंजिनाला वेग आवरणारी एक चकती असते, तिने आवाज गुदमरल्यासारखा येत होता. मला ऐकवेना. काढून ठेवली, तशी मशीन काय मोकळी गायला लागली! सिया यायच्या आत परत बसवतो.

आता नातीला आठ वर्षं पूर्ण झाली. तू सहाची होतीस तेव्हा एकटी तळ्यापर्यंत जाऊन आलीस, हेल्मेटच्या आत खिदळत. चाळीस वर्षं मशिनींना कान लावून पोट भरलं मी. कुठे काय बिघडलंय ते दारातून सांगतो. पोर तयार आहे की नाही, हेही मला कळतं.

राग दोन पानांत मावेल एवढाच धरावा, लोभ त्याहून थोडा जास्त.

तुझा,
अण्णा

ॲन आर्बर
८ डिसेंबर

ती. अण्णांस सा. न. वि. वि.

राग एका पानात बसवते. सियाच्या डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, सोळाच्या आत चालवायला देऊ नका, आणि हे आजोबांना माझ्या नावाने सांगा. सांगितलं. इकडे सियाने तुम्ही पाठवलेला फोटो फ्रिजवर लावलाय, आणि येता-जाता ‘एव्हरीबडी अप नॉर्थ डझ इट, मॉम’ चालू आहे.

सुट्टीत माझी हॉस्पिटलची ड्यूटी आहे. मिहीर लेकीला बावीसला सोडून परत येईल. मी तिथे नसेन आणि नाही म्हटलं तरी तुम्ही तिला बसवाल, हे मी ओळखून आहे. म्हणून, चुकतंय हे कळत असूनही, अटी घालते. हेल्मेट घालून अर्धा तास मान ताठ राहिली पाहिजे. जाड हातमोज्यांतून ब्रेक पूर्ण दाबता आला पाहिजे. आणि थांब म्हटलं की पहिल्या हाकेला थांबली पाहिजे, दुसऱ्या नाही. फक्त घरासमोरच्या सपाट जागेत, तुम्ही शेजारी. आणि ती चकती बसवा. आजच.

आणखी एक. माझ्या सहाव्या वर्षाची गोष्ट तिच्यासमोर सांगू नका. का ते विचारू नका.

आईला नमस्कार. तुमच्यावर माया आहे, भरवसा या पत्रापुरता उधार.

आपली,
आसावरी

गेलॉर्ड
२९ डिसेंबर

चि. आसावरीस अ. उ. आ.

आधी हे वाच: सिया सुखरूप आहे. आत्ता तुझ्या आईशेजारी बसून खिचडी खातेय, दाणे बाजूला काढून. चार दिवसांनी घरी आली की ती सांगेलच. त्याआधी माझ्याकडून कळावं.

तुझ्या अटी तिने पुऱ्या केल्या. अर्धा तास हेल्मेट घालून पत्ते खेळली, मला हरवलं. ब्रेक दाबला. थांबायचा सराव आम्ही स्वयंपाकघरात केला. मी ‘सिया, थांब!’ म्हणालो की एक पाय हवेत ठेवून पुतळा. पन्नास वेळा, एकदाही चुकली नाही. मी खूश.

गुरुवारी सकाळी तिला बसवलं. मशिनीची लाल दोरी तिच्या बाहीला अडकवली. पडलीच तर दोरी सुटून इंजिन बंद पडतं. हाताने ओढली तर काय होईल, असं तिने विचारलं. मी म्हणालो, बंदच होईल, पण उगाच ओढू नकोस, परत चालू करायला त्रास होतो.

ती निघाली आणि पहिल्याच क्षणी आवाज कानावर आला. मोकळा. चकती खिळ्यांच्या डब्यात होती, आसावरी. विसरलो असं लिहिणार होतो. विसरलो नव्हतो. त्या इंजिनाचा गळा परत आवळायचं जिवावर येत होतं, उद्या करू म्हणत राहिलो.

सपाट जागा संपली तरी ती जातच होती, सरळ पाइनच्या झाडांकडे. मी हाक मारली. दुसरी, पाचवी. तिच्या डोक्यावर हेल्मेट, खाली ते गाणारं इंजिन. तिला काय ऐकू येणार? स्वयंपाकघरातल्या सरावात हेल्मेट नव्हतं. एवढे तिखट कान असलेल्या माणसाला हे सुचलं नाही. गुडघाभर बर्फात धावलो, गुडघा मुरगळून तोंडावर पडलो. पडल्या पडल्या आवाज थांबला. वर बघायचं धाडस होईना.

झाडापासून दोन हातांवर ती बसली होती. दोरी मुठीत. मी काही विचारायच्या आतच म्हणाली, इट वॉज टू मच, आबा, सो आय टर्न्ड इट ऑफ. उतू जाणाऱ्या दुधाखालचा गॅस बंद केल्यासारखं. मग मला हात देऊन उठवलं.

तुझ्या आईने मला अजून चहाही दिला नाही.

लोभाचं तू बघ.

अण्णा

ॲन आर्बर
५ जानेवारी

ती. अण्णांस नमस्कार.

पत्र तीनदा वाचलं, तिसऱ्यांदा उभ्याने. फोन हातात घेतला होता, ठेवला. मला स्वतःलाही माफ करता येत नाहीये. ‘नको’ लिहायच्या जागी मी अटी लिहिल्या.

मी खिदळत नव्हते, अण्णा. तळ्यापर्यंत जाताना आणि येताना मी रडत होते. दोरी माझ्याही बाहीला होती. ओढली नाही, कारण तुम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, बघा माझी पोरगी. तुमचा चेहरा पडेल म्हणून मी गेले. मग तीस वर्षं प्रत्येक गणपतीत, प्रत्येक पॉटलकच्या जेवणाला तीच गोष्ट ऐकली आणि खिदळले. तुम्हाला कुठल्याही इंजिनाची कुरकुर कळते.

सियाला तुमचा राग आलेला नाही. मला आहे. जाईल, पण घाई करू नका.

आईला नमस्कार. गुडघ्याला शेक द्या.

आसावरी

गेलॉर्ड
१२ जानेवारी

चि. आसावरीस अ. उ. आ.

चार कागद फाडले, हा पाचवा.

चकती बसवली. मशीन गुदमरल्यासारखी वाजते. रोज दहा मिनिटं चालू करून ऐकतो, सवय व्हावी म्हणून.

पाकिटात लाल दोरी आहे. तिच्याशिवाय मशीन सुरू होत नाही. माझ्याकडे दुसरी नाही, आईने डबे तपासलेत. तुझ्याकडे ठेव. सिया मागेल तेव्हा नाही, तुम्हा दोघींना वाटेल तेव्हा घेऊन या. सोळाव्या वर्षी वाटलं तर सोळाव्या. न आणता आलात तर खिचडी आहेच.

काल शेजारचे म्हातारबुवा पाहुण्यांना घेऊन आले. म्हणाले, जगन्नाथ, ती तळ्याची गोष्ट सांग ना, सहा वर्षांची पोरगी. मी म्हणालो, ती गोष्ट मला अर्धीच माहीत होती. उरलेली पोरीकडे आहे, आणि ती सांगायची की नाही, हे ती ठरवेल.

आईने आज चहा दिला. तुझा लोभ तुझ्या सवडीने येऊ दे, मी दारात आहे.

तुझा,
अण्णा