बिना पंपाचा समुद्र

१० ऑगस्ट, रविवार

ठरलं! यंदा कॉलनीच्या गणपतीपुढचा देखावा माझा. विषय — सागरी प्रवाह. समुद्राचं पाणी कशामुळे चालतं आणि कुठे जातं. बैठकीत सांगितलं. तर मधुकरराव: "मॅडम, भोपाळात समुद्र?" म्हटलं, गेल्या वर्षी तुम्ही कैलास उभा केलात, तो काय आपल्या शाहपुऱ्यात आहे?

मधुकरराव टर्बाइनच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. मंडळाची सगळी वीज त्यांच्या ताब्यात — दिवे, पंखे, माइक. त्यांनी लगेच निकाल दिला: "पाणी हलवायचं तर पंप लागेल. चाळीस वर्षं पाणीच हलवलंय मी." झालं, माझं डोकं फिरलं. समुद्राला कोणी पंप लावलाय का? ऊन, वारा, थंडी आणि मीठ, एवढ्यावर चालतो तो. मीही पंप लावणार नाही! टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की मी वाटेल ते कबूल करते, हा माझा जुना रोग आहे.

१२ ऑगस्ट

सेक्रेटरी मृणालने फ्लेक्स छापायला टाकलासुद्धा. "बिना पंप, बिना मोटर — देखिए सागर कैसे चलता है!" खाली माझं नाव. म्हटलं, अगं, आधी करून तर बघू दे! "काकू, टेन्शन नका घेऊ ना, तुम्हाला तर सब आता है."

१५ ऑगस्ट

निवेदन लिहून झालं. वारा वरचं पाणी ढकलतो. पृथ्वी फिरते म्हणून उत्तर गोलार्धात ते उजवीकडे वळतं, किनारा आडवा आला की आणखी वळतं. ध्रुवांकडे पाणी थंड आणि जड होतं, तळाला जातं आणि तळातून हळूहळू इकडे येतं. त्याला शेकडो वर्षं लागतात. आपल्या अरबी समुद्रात तर मोसमी वारे फिरले की प्रवाहही उलटा फिरतो, वर्षातून दोनदा. यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "म्हणजे बदलीची नोकरी." हे अठ्ठावीस वर्षं सरकारी खात्यात होते, त्यातली निम्मी सामान बांधण्यात गेली. विनोद बरा होता. दहापैकी सहा.

पृथ्वीचं फिरणं कसं दाखवायचं? मधुकरराव म्हणे पाण्याची टाकी मिक्सरवर ठेवू! दहापैकी शून्य.

एक गोष्ट फक्त इथेच लिहिते. एकतीस वर्षं सरकारी शाळेत मी फळ्यावर बाण काढले. गरम प्रवाहाचा लाल, थंड प्रवाहाचा निळा. पण पाणी तसं जाताना मी एकदाही पाहिलेलं नाही. पुस्तकात होतं, म्हणून शिकवलं. हा देखावा गणपतीसाठी कमी आणि माझ्यासाठीच जास्त आहे.

२३ ऑगस्ट, शनिवार

फजिती! मृणालच्या घरची माशांची टाकी आणली. (मासे सध्या तिच्या बाथरूममध्ये, बादलीत. तिच्या सासूबाई आंघोळीला शेजारी जातात.) एका टोकाला नीळ घालून गोठवलेला बर्फ, दुसऱ्या टोकाला यांची कंबर शेकायची रबरी पिशवी आणि लाल रंग. आणि मीठ, शंभर लिटरला साडेतीन किलो. समुद्र म्हटल्यावर खारटच हवा ना!

निळं पाणी तळाला जायला हवं होतं. गेलंच नाही. साईसारखं वरच पसरून बसलं. अर्धा तास पाहिलं, तास पाहिलं. हे म्हणाले, "रंग मात्र छान आलाय गं." बिचारे!

मला रडू आलं. एकतीस वर्षं मुलींना काय शिकवलं मी?

२६ ऑगस्ट

केलं. लिहायचीही लाज वाटते.

घरच्या कूलरचा पंप काढला, थर्माकोलच्या हिमनगाखाली बसवला आणि वायर गालिच्याखालून नेऊन बोर्डात खोचली. कोणाला सांगितलं नाही, यांनासुद्धा. मीठ मात्र घातलं नाही. पंप गंजला तर उन्हाळ्यात हे विचारतील. चालू करून पाहिला. चालतो, जरा जास्तच. निळा फवारा थेट माझ्या चष्म्यावर.

वर फ्लेक्स फडफडतोय. बिना पंप, बिना मोटर. शकुंतलाबाई, तुम्ही नापास.

२७ ऑगस्ट, चतुर्थी

काय सांगू! निळं पाणी हिमनगाखालून अलगद उतरलं, तळाशी पोचलं, आणि सरकत सरकत त्या टोकाला गेलं. वरून लाल पाणी इकडे यायला लागलं. हुबेहूब पुस्तकातले बाण! काल फवारा उडवणारा पंप आज इतका शहाण्यासारखा कसा वागला? एवढ्या दिव्यांमुळे व्होल्टेज कमी पडलं असणार. आरतीच्या गलबल्यात त्याची घरघरही ऐकू आली नाही. देव पाठीशी आहे — चोराच्या!

मधुकरराव टाकीसमोर बराच वेळ उभे होते. मग फक्त "हं" म्हणाले. इतर वेळी मला त्या "हं"साठी पेढे वाटावेसे वाटले असते.

३० ऑगस्ट

रोज नवं पाणी, नवा रंग, नवा बर्फ. हे गोविंदपुऱ्याहून स्कूटरवर लादी आणतात, घरी वीटच पोचते.

३ सप्टेंबर, बुधवार

आज गर्दीतून एक बाई पुढे आली आणि वाकून पायाच पडली. नसरीन! अठ्ठ्याण्णवच्या बॅचची, दोन वेण्या, सतत प्रश्न. आता स्वतः भूगोल शिकवते. पाऊण तास टाकीसमोर बसली. उठली तेव्हा डोळे ओले होते. "मैडम, मैं भी आज तक तीर ही बनवाती रही। आज पहली बार पानी को जाते देखा।" उद्या वर्गातल्या मुलींना घेऊन येणार आहे.

जेवण गेलं नाही. मंडळाला फसवलं ते ठीक, मंडळाने मलाही गेल्या वर्षी हिशेबात धरलं नव्हतं. पण नसरीन हे मुलींना सांगणार, त्या मुली पुढे आणखी कुणाला सांगणार. खोटं असंच तळातून दूरवर जातं.

४ सप्टेंबर

सांगून टाकलं. आरतीआधी माइक हातात घेतला. समोर नसरीन आणि तिच्या चाळीस मुली, मागे सगळी कॉलनी. म्हटलं, हिमनगाखाली पंप आहे. मी ठेवलाय. पाणी आपोआप चालत नाहीये, मी तुम्हाला फसवलं.

मागून कोणीतरी हसलं, आणि मग सगळेच हसले. कोणीतरी ओरडलं, "बोला था ना, बिना पंप कुछ नहीं होता!" मृणालने शिडी मागवून फ्लेक्स उतरवला. मधुकरराव त्या वेळी प्रसादाचे नारळ आणायला गेले होते, तेवढीच देवाची कृपा. नसरीनने मुलींना रांगेत उभं केलं आणि घेऊन गेली. तिचं ते निघून जाणं सगळ्यांच्या हसण्यापेक्षा जास्त लागलं.

हे घरी येताना म्हणाले, "म्हणून पंप सापडत नव्हता होय!"

५ सप्टेंबर

बाहेर पडले नाही. डोकं दुखतंय असं सांगितलं. दुखतही होतं.

६ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी

विसर्जनाला गेले नाही. जुनं पुस्तक काढून बसले आणि चूक सापडली. इतकी बाळबोध चूक, की पाचवीतल्या मुलीचे गुण कापले असते! खारं पाणी जड, गोडं हलकं. माझा बर्फ नळाच्या पाण्याचा, गोडा. तो खाऱ्या टाकीत वितळला, मग निळं पाणी वरच तरंगणार! खऱ्या समुद्रात बर्फ गोठताना मीठ मागे राहतं, उरलेलं पाणी आणखी खारट आणि जड होतं, म्हणून बुडतं. मीठच घातलं नसतं तर पहिल्याच दिवशी निळं पाणी खाली गेलं असतं. कदाचित पंप लागलाच नसता. पण आता हे सांगायचं कुणाला? टाकी रिकामी होऊन मृणालकडे गेली, मासे परत तिच्यात.

७ सप्टेंबर, रविवार

मधुकरराव दारात. हातात आमचा पंप. "मॅडम, हा तुमचा? लोक काहीतरी बोलत होते, मला कळेना. याची वायर तर मी चतुर्थीला सकाळीच काढली होती. आरतीच्या माइकला बोर्डात जागाच नव्हती. ती परत लावलीच नाही."

म्हणजे ज्या माइकवरून मी कबुली दिली, तो पंपाच्याच जागी—!

नऊ दिवस पाणी आपलं आपण चाललं होतं. मी रोज समोर उभी होते, आणि मला ओळखता आलं नाही.