सभागृहातील एकमेव टोपीबाबत

प्रति,
मा. सभापती महोदय,
कनिष्ठ सभागृह, ब्रिटिश संसद,
वेस्टमिन्स्टर, लंडन.

विषय : कालचे मतदान झालेच नाही असे समजणेबाबत.
संदर्भ : सभागृहाची घडीची टोपी.

महोदय,

१. लानवेर्न प्रसूतिगृह बंद करण्याचे विधेयक काल दुपारी २४७ विरुद्ध २४६ मतांनी मंजूर झाले. प्रस्तुत अर्ज ते मंजूर झालेच नाही असे धरून लिहिला आहे. आपणही तसेच धरून वाचावा, ही विनंती.

२. अर्जदार लानवेर्नचा सदस्य आहे. समोरच्या बाकांवरील श्री. पेरेग्रिन ऑकशॉट हे सहा वर्षे माझे जोडीदार. जोडीची प्रथा आपण जाणताच : एकाला येता आले नाही तर दुसऱ्यानेही मत द्यायचे नाही, फिट्टंफाट. हे कुठे लिहिलेले नसते, शब्दावर चालते. याच शब्दावर मी त्यांच्या तीन मावश्यांच्या अंत्यविधींसाठी मत सोडले. त्यांपैकी एक मावशी दोनदा वारली, तरी मी काही बोललो नाही. माझ्या वडिलांच्या शवपेटीला खांदा द्यायला ते लानवेर्नला आले होते, आणि माझी बहीण मेगन हिच्या हातच्या मनुकांच्या पावाचे चार तुकडे खाऊन गेले होते.

३. काल सकाळी ऑकशॉट फोनवर म्हणाले, "आयव्हर, पायाचा नुसता भोपळा झालाय रे. पलंगावरून उतरवत नाही. आज तूही मत देऊ नकोस, एवढं कर राजा." मी हो म्हणालो. दुपारी मतदानाची घंटा झाली, तेव्हा मी हात बांधून बाकावर बसलो होतो. दारे बंद व्हायला दोन सेकंद उरले असता ऑकशॉट आले आणि विधेयकाच्या बाजूचे मत मोजतात त्या 'होय'च्या दालनात दोन्ही पायांनी चालत गेले. माझ्याजवळून जाताना म्हणाले, "मनाला लावून घेऊ नकोस हं."

४. दारांना कुलपे लागली. आता हरकत घेणे एवढेच हाती होते. मतदान चालू असताना हरकत बसून, आणि डोक्यावर टोपी घालूनच घ्यावी लागते, हा नियम मला मान्य आहे. त्यासाठी सभागृहाने घडीची एक टोपी ठेवली आहे, तीही मान्य आहे. ती ऑकशॉट यांच्या डोक्यावर होती.

५. नाइलाजाने मी कार्यक्रमपत्रिकेची टोपी करून घातली. आपण म्हणालात, "ती होडी आहे." घरी नेऊन पाहिली, होडीच आहे. निर्णयाबद्दल तक्रार नाही.

६. ऑकशॉट यांचे मत वजा केल्यास बरोबरी होते, आणि बरोबरीत आपले निर्णायक मत प्रथेप्रमाणे विधेयकाविरुद्ध पडते. म्हणजे प्रसूतिगृह वाचते. मेगनचे दिवस फेब्रुवारीत भरतात. दुसरे प्रसूतिगृह तीस मैलांवर, खिंडीपलीकडे. फेब्रुवारीत त्या खिंडीतून मेंढ्याही जात नाहीत. काल तिला फोन केला. म्हणाली, "तू तिथंच होतास ना? मग काय करत होतास?" म्हटलं, "टोपी शोधत होतो." तिने फोन ठेवला.

७. सबब विनंती की, राणीसाहेबांची संमती होण्यापूर्वी कालच्या मतदानाची ती आठ मिनिटे इतिवृत्तातून काढून, टोपीसह, मला परत द्यावीत. तसे करणे नियमात बसत नसल्यास माझ्या बहिणीचे बाळंतपण खिंडीतील बर्फ वितळेपर्यंत तहकूब ठेवण्यात यावे.

उघड्या डोक्याचा, आपला नम्र,
आयव्हर प्रॉबर्ट
सदस्य, लानवेर्न
१९ नोव्हेंबर १९७५

सोबत : होडी, एक नग. (काम झाल्यावर परत मिळावी.)